जखमेचा अभ्यासक : अलेक्झांडर फ्लेमिंग

निवासी शाळेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना कार्यालयाच्या भिंतीवरील पांढरी प्रथमोपचार पेटी आठवत असेल. सकाळची वंदना आटोपली की त्या पेटीसमोर रांग लागे. कोणाचा गुडघा खरचटलेला, कोणाच्या अंगठ्याला ठेच, कोणाच्या पोटरीवर बाभळीच्या काट्याचा ओरखडा. पेटीत कापूस, पट्टी, तांबडे औषध आणि मलमाची एक नळी. त्या नळीवर मुलांची मोठी श्रद्धा होती आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमचीही होती. त्या श्रद्धेने आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. तो प्रसंग या लेखाच्या शेवटी सांगू. त्याआधी, प्रतिजैविकांचे युग ज्यांच्या प्रयोगशाळेतील एका काचेच्या बशीपासून सुरू झाले, त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते. पेनिसिलीनचे संशोधक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते आयुष्यभर जखमेचे अभ्यासक होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यात डार्वेल गावाजवळील लॉकफील्ड या शेतावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग शेतकरी होते. दोन विवाहांपासूनची आठ मुले त्या घरात वाढत होती. अलेक्झांडर सात वर्षांचे असतानाच वडील वारले आणि आईने थोरल्या सावत्र मुलांच्या साहाय्याने शेती व संसार सांभाळला. माळावरच्या लहानशा शाळेत प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे चार मैलांवरील डार्वेलच्या शाळेत पायी जाणे-येणे सुरू झाले. झऱ्यातील मासे, पक्ष्यांची घरटी, ऋतूंचे पालटणे हे सारे त्या मुलाने रोजच्या वाटेवर पाहिले. जे इतरांच्या दृष्टीतून निसटते ते टिपण्याची सवय त्यांना तेथे लागली असावी, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

किलमारनॉक येथे दोन वर्षे शिकून ते किशोरवयातच लंडनला वडील बंधूंकडे आले. रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेत काही काळ शिकले आणि मग एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून झाले. तेथे चार वर्षे गेली. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. एका काकांच्या मृत्युपत्रातून वाट्याला आलेल्या थोड्या रकमेमुळे शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. 1901 मध्ये त्यांनी पॅडिंग्टन भागातील सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला आणि 1906 मध्ये विशेष गुणवत्तेसह पदवी संपादन केली.

ते जंतुशास्त्राकडे वळले, त्यामागील कारण मोठे गमतीचे आहे. फ्लेमिंग उत्तम नेमबाज होते. विद्यालयाच्या रायफल क्लबला आपला नेमबाज गमवायचा नव्हता. म्हणून क्लबच्या प्रमुखाने त्यांना रुग्णालयातच राहण्याचा आणि सर आल्मरोथ राइट यांच्या लस संशोधन विभागात काम करण्याचा सल्ला दिला. तात्पुरती वाटलेली ही जागा त्यांच्या आयुष्यभराचे कार्यक्षेत्र ठरली.

1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटले. राइट यांच्या पथकासह फ्लेमिंग फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बूलोन येथे गेले. तेथील एका कॅसिनोच्या इमारतीत लष्करी रुग्णालय आणि प्रयोगशाळा उभारण्यात आली होती. आघाडीवरून येणाऱ्या सैनिकांच्या जखमांत माती, शेणखत आणि गणवेशाच्या चिंध्या घुसलेल्या असत. गोळीतून वाचलेला जवान जखम चिघळून दगावत असे. शल्यविशारद त्या जखमांत कार्बोलिक आम्लासारखी जहाल जंतुनाशके ओतत. लिस्टर यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत होती आणि तिच्याविषयी शंका घेणे कोणाच्या मनातही येत नव्हते.

फ्लेमिंग यांनी ती शंका घेतली. त्यांनी काचेची एक नळी तापवून तिला आतून पोकळ काटे काढले आणि दऱ्याखोऱ्यांनी भरलेल्या जखमेचा नमुना तयार केला. नळीत जंतूंचे द्रावण भरले, मग ते काढून जंतुनाशक भरले आणि नंतर पुन्हा स्वच्छ पोषक द्रव घातला. जंतू पुन्हा वाढले, कारण काट्यांच्या टोकांत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचलेच नव्हते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. जखमेत जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी या जंतुनाशकांनी जंतूंच्याही आधी मरत होत्या. म्हणजे औषध शत्रूला अभय देऊन आपल्याच रक्षकांना मारत होते. जखम खारट पाण्याने धुवावी, मृत मांस काढून टाकावे आणि शरीराच्या स्वतःच्या शक्तीला वाव द्यावा, हा राइट आणि फ्लेमिंग यांचा निष्कर्ष होता. बहुतेक लष्करी डॉक्टरांनी तो मानला नाही. रूढी विद्येच्या क्षेत्रातही असते आणि ती प्रयोगाने सिद्ध झालेल्या गोष्टीपुढेही सहजासहजी मान तुकवत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे.

युद्धकाळातच, 1915 मध्ये, त्यांचा विवाह सारा मॅकएलरॉय या आयरिश परिचारिकेशी झाला. युद्ध संपल्यावर ते सेंट मेरीजमध्ये परतले. जंतूंना मारील परंतु शरीराच्या पेशींना इजा करणार नाही असे द्रव्य निसर्गात असेल काय, हा प्रश्न आता त्यांच्या मनात घर करून बसला होता.

1921 मध्ये त्यांना सर्दी झाली असता त्यांनी स्वतःच्या नाकातील स्राव जंतूंच्या बशीत टाकून पाहिला. स्रावाच्या भोवतालचे जंतू विरघळले. या द्रव्यास पुढे लायसोझाइम हे नाव मिळाले. अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्या बलकात ते आढळले. अश्रू मिळवण्यासाठी ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळत. लायसोझाइम घातक जंतूंवर फारसे चालले नाही. तथापि शरीर स्वतःच आपल्या कातडीचे व डोळ्यांचे रक्षण करीत असते, हे त्यातून सिद्ध झाले.

1928 च्या उन्हाळ्यात ते स्टॅफिलोकोकस या जंतूंचा अभ्यास करीत होते. हे जंतू आपल्या त्वचेवर आणि नाकात एरवी निमूटपणे वास करतात. कातडीला भेग पडली की आत शिरतात आणि करट, गळू, पू यांना कारण होतात. फ्लेमिंग यांची प्रयोगशाळा टापटिपीसाठी प्रसिद्ध नव्हती. वापरलेल्या बशा टेबलाच्या कोपऱ्यात रचून ते कुटुंबासह सुट्टीवर गेले. 3 सप्टेंबर रोजी परतल्यावर बशा धुण्यापूर्वी त्यांनी त्या एकेक करून पाहिल्या. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्या भोवतालच्या जंतूंच्या वसाहती विरघळून पारदर्शक झाल्या होत्या. बशीत बुरशी येणे ही प्रयोगशाळेत नेहमीची कटकट होती आणि अशी बशी टाकून दिली जाई. फ्लेमिंग यांनी ती टाकली नाही. युद्धातील जखमांनी त्यांना जो प्रश्न दिला होता, त्याचे उत्तर त्या बशीत असू शकते हे त्यांनी ओळखले. ज्याच्या मनात प्रश्न आधीपासून जागा असतो, त्यालाच योगायोग उपयोगी पडतो.

ती बुरशी पेनिसिलियम वर्गातील होती. तिच्या रसाला 7 मार्च 1929 रोजी त्यांनी पेनिसिलीन असे नाव दिले. हा रस जंतूंना मारत होता आणि पांढऱ्या पेशींना इजा करीत नव्हता. बूलोनच्या रुग्णालयात जे हवे होते ते हेच. त्याच वर्षी त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी फेब्रुवारीत त्यांनी तज्ज्ञांच्या एका मंडळासमोर हे संशोधन मांडले, तेव्हा श्रोत्यांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही. फ्लेमिंग अबोल होते आणि वक्ते म्हणून अगदीच फिके पडत.

आजच्या वाचकाला नवल वाटेल, परंतु पेनिसिलीनचा पहिला वापर इंजेक्शनाने झालेला नाही. तो झाला बाहेरून लावण्यासाठी. जानेवारी 1929 मध्ये फ्लेमिंग यांनी क्रॅडॉक या आपल्या सहायकाच्या नाकाजवळील दूषित पोकळी बुरशीच्या रसाने धुतली. फारसा गुण आला नाही. पाय कापावा लागलेल्या एका स्त्रीच्या दूषित जखमेवर तो रस लावला. तेथेही यश आले नाही. एका सहकाऱ्याच्या डोळ्याचा संसर्ग मात्र त्याने बरा झाला. शेफील्ड येथील सेसिल पेन या डॉक्टरांनी 1930 मध्ये दाढीच्या जागी होणाऱ्या पुळ्यांवर तो लावून पाहिला व ते अयशस्वी ठरले. परंतु नवजात बालकाच्या डोळ्यांच्या संसर्गावर त्यांना उत्तम गुण आला. रस दुर्बळ होता, लवकर नासत असे आणि शुद्ध करता येत नव्हता. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी बुरशीचा वाण जपून ठेवला आणि मागेल त्याला दिला.

पुढचे कार्य ऑक्सफर्ड येथे झाले. हॉवर्ड फ्लोरी हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तर अर्न्स्ट चेन हे नाझी जर्मनीतून आश्रयास आलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यासोबत नॉर्मन हीटली हे कल्पक सहकारी होते. त्यांनी 1939 पासून पेनिसिलीन शुद्ध करण्याचा ध्यास घेतला. 25 मे 1940 रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलीन दिले. ते चार जगले, उरलेले चार मेले. ही वार्ता वाचून फ्लेमिंग स्वतः ऑक्सफर्डला गेले. तोवर चेन यांची अशी समजूत होती की फ्लेमिंग हयात नसावेत.

फेब्रुवारी 1941 मध्ये एका त्रेचाळीस वर्षांच्या पोलीस शिपायावर हे औषध वापरण्यात आले. चेहऱ्यावरील लहानशा जखमेतून जंतू शिरून त्याच्या डोक्यात व फुप्फुसात पू झाला होता आणि एक डोळा काढावा लागला होता. ती जखम गुलाबाच्या काट्याची, असे पुष्कळ काळ सांगितले जात आले. काही अभ्यासक मात्र ती बॉम्बहल्ल्यातील दुखापत मानतात. कारण काहीही असो, जखम क्षुल्लक होती. औषध सुरू होताच तो सुधारू लागला. परंतु साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या मूत्रातून औषध परत गाळून द्यावे लागले. अखेर औषध संपले आणि 15 मार्च रोजी तो मरण पावला. आज आपण ज्या ओरखड्याकडे दुर्लक्ष करतो, तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात माणसाचा जीव घेऊ शकत होता.

पुढे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. 1943 मध्ये फ्लोरी आणि शल्यविशारद केर्न्स यांनी उत्तर आफ्रिकेच्या रणभूमीवर सैनिकांच्या जखमांत पेनिसिलीन वापरून पाहिले. बूलोनचा प्रश्न सुमारे पंचवीस वर्षांनी सुटला. 1944 मध्ये फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला आणि 1945 मध्ये फ्लोरी व चेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक. वृत्तपत्रांनी श्रेयाचा मोठा वाटा एकट्या फ्लेमिंग यांच्या पदरात टाकला. ऑक्सफर्डच्या पथकावर, विशेषतः हीटली यांच्यावर, हा अन्याय झाला. श्रम करणाऱ्यांची नावे इतिहासातून कशी गळतात हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ती नावे आम्ही येथे आवर्जून नोंदवली आहेत.

येथे आणखी एका गोष्टीचा खुलासा करणे इतिहासाचे शिक्षक या नात्याने आमचे कर्तव्य आहे. फ्लेमिंग यांच्या शेतकरी वडिलांनी बालवयातील चर्चिल यांना बुडताना वाचवले, त्या उपकाराची फेड म्हणून चर्चिल घराण्याने फ्लेमिंग यांना शिकवले आणि पुढे पेनिसिलीनने चर्चिल यांचे प्राण वाचले, अशी कथा शाळाशाळांतून सांगितली जाते. ती खोटी आहे. ती काल्पनिक असल्याचे खुद्द फ्लेमिंग यांनीच सांगितले होते. 1943 मध्ये चर्चिल यांना न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांना सल्फा वर्गातील औषध देण्यात आले होते. फ्लेमिंग शिकले ते काकांच्या ठेवीवर आणि स्वतःच्या बुद्धीवर. कोणा सरदाराच्या कृपेची कथा त्यांना जोडण्याचे काही कारण नाही.

फ्लेमिंग यांच्या चरित्रातील सर्वांत दूरदर्शी प्रसंग नोबेल पारितोषिकाच्या वेळचा आहे. साऱ्या जगाने त्यांचा जयजयकार चालवला असताना त्यांनी आपल्या व्याख्यानात धोक्याचा इशारा दिला. औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला सरावतात, असे प्रयोगशाळेत दिसले होते. घसा दुखतो म्हणून स्वतःच्या मनाने थोडेसे औषध घेणारा एक माणूस, त्याच्या घशात तयार झालेले निर्ढावलेले जंतू आणि त्यांच्यामुळे दगावलेली त्याची पत्नी, असे काल्पनिक उदाहरण त्यांनी सभेपुढे ठेवले. अज्ञानी माणसाची निष्काळजी दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, हा त्याचा मथितार्थ.

तो इशारा फार लवकर खरा ठरला. पेनिसिलीनची मलमे, चघळण्याच्या गोळ्या असे नाना प्रकार बाजारात आले. मलमाने अनेकांच्या कातडीवर पुरळ उठू लागले आणि पेनिसिलीन कातडीवर लावण्याची पद्धत डॉक्टरांना सोडून द्यावी लागली. 1948 पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांना असे आढळले की, तेथील रुग्णांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलीनला दाद देत नव्हते. पेनिसिलीनची जागा दुसऱ्या मलमांनी घेतली. बॅसिट्रेसिन हे द्रव्य 1943 मध्ये न्यूयॉर्क येथे एका लहान मुलीच्या जखमेतील जंतूंपासून मिळाले. 1949 मध्ये निओमायसिन आले. आपल्याकडे फ्रामायसेटिनचे मलम घरोघरी पोहोचले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी, 11 मार्च 1955 रोजी, फ्लेमिंग लंडन येथे हृदयविकाराने निवर्तले. त्यांच्या अस्थी सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या.

आता आमचा प्रसंग. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सहावीतील एक मुलगा कबड्डी खेळताना पडला. गुडघ्याची सालटी निघाली, तीत मैदानाची माती आणि बारीक खडे रुतले. संध्याकाळची घाई होती. आम्ही पेटीतील नळी काढली, त्या मातीवरच मलमाचा जाड थर दिला आणि पट्टी बांधली. पुढचे चार दिवस रोज मलम लावत राहिलो. पाचव्या दिवशी मुलाला ताप भरला, गुडघा टम्म फुगला आणि पट्टीखालून पू वाहू लागला. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी जखम उघडली, धुतली आणि खडे काढले. औषध रोज लावले गेले, पण जखम एकदाही धुतली गेली नाही, हे त्यांनी शांतपणे आम्हाला समजावले. मुलगा बरा झाला. त्या रात्री त्याच्या उशाशी बसून आम्हाला जी लाज वाटली, ती अजून सरलेली नाही. पुढे फ्लेमिंग यांच्या काटेरी नळीविषयी वाचले तेव्हा आमची चूक आम्हाला पुरती कळली. वरून ओतलेले औषध खोल दडलेल्या घाणीपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी पहिल्या महायुद्धातच दाखवून दिले होते.

त्या दिवसापासून आमच्या पेटीची रीत बदलली. प्रथम स्वतःचे हात साबणाने धुवावेत. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे. मग जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखाली माती निघेपर्यंत धुवावी. त्यानंतर स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती ओली वा मळकी झाल्यास बदलावी. लहानशा स्वच्छ जखमेला बहुधा प्रतिजैविक मलमाची गरजच नसते. 1996 मध्ये अमेरिकेत त्वचेवरील किरकोळ शस्त्रक्रिया झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी काहींना बॅसिट्रेसिन मलम आणि काहींना साधे पेट्रोलियम जेली लावले होते. संसर्ग दोन्हीकडे क्वचितच झाला आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. निओमायसिनसारख्या मलमाने काहींना खाज व पुरळ येते. डॉक्टरांनी मलम दिलेच तर ते पातळ थराने आणि सांगितले तितकेच दिवस लावावे.

काही गोष्टी पालकांनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. जखमेभोवती लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू झाला किंवा ताप आला, तर मलमाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवावे. मातीत झालेल्या जखमेसाठी धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही हे पाहावे. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. गजकर्ण हा बुरशीचा विकार आहे. त्यावर प्रतिजैविक मलम चालत नाही आणि दुकानातून मागून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने तो फोफावतो. उरलेली नळी एका मुलाची दुसऱ्याला, एका घरची दुसऱ्या घरी देऊ नये.

फ्लेमिंग यांच्या चरित्राने आम्हाला जे शिकवले ते थोडक्यात असे. प्रचलित उपचारालाही प्रश्न विचारावा आणि उत्तर प्रयोगाने शोधावे. जे हाती लागले त्याचा जयघोष करताना त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. औषधावर अंधश्रद्धा ठेवणे हीसुद्धा अंधश्रद्धाच होय. त्या सहावीतील मुलाच्या गुडघ्यावर आजही व्रण असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने आम्हाला क्षमा करावी आणि आपल्या मुलांच्या जखमा आधी पाण्याने धुवाव्यात, एवढीच आमची त्याला विनंती आहे.